तारापूरचा करार आणि वकिलाचा शब्द

वकील म्हटला की आपल्यापुढे काळा कोट आणि जमिनीचे तंटे उभे राहतात. अणुशक्तीशी त्याचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. मी वसईला कॉलेजात मराठी शिकवतो. आम्हा वसईकरांना तरी कागदाचे सामर्थ्य सांगायला नको. ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथे दुसऱ्या बाजीरावाने तहावर सही केली आणि पेशवाईचे स्वातंत्र्य गेले.

आमच्या जिल्ह्यातला दुसरा मोठा कागद तारापूरचा. बोईसर स्टेशनला उतरून समुद्राकडे गेले की देशातले पहिले अणुवीज केंद्र लागते. त्यासाठी ८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेशी करार झाला. समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिकेने पुरवायचे, असे ठरले. १९६९ साली वीज सुरू झाली.

१९७४ साली पोखरणला अणुस्फोट झाला आणि चक्रे फिरली. १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला: जो देश आपली सारी अणुकेंद्रे तपासणीस खुली करणार नाही, त्याला इंधन मिळणार नाही. भारताचे म्हणणे साधे होते. करार आधीचा, एका पक्षाने घरी केलेल्या कायद्याने दोघांनी दिलेला शब्द कसा बदलेल? १९८० साली तिकडच्या अणुनियमन आयोगाने परवाना नाकारला. अध्यक्ष कार्टर यांनी इंधन देण्याचे ठरवले, प्रतिनिधिगृहाने विरोध केला आणि अखेर सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी ते सुटले. तारापूरचे इंधन अवघ्या दोन मतांवर लोंबकळत होते! पुढे १९८२ साली फ्रान्सने पुरवठा पत्करला; तारापूरवरील तपासणी मात्र चालूच राहिली.

ही झाली दोन सरकारांची गोष्ट. त्यांच्या दिमतीला कायदेपंडित होते. पुढे तारापूरच्याच ३ व ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनासाठी तेथल्या लोकांनाही मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. प्रश्न पुन्हा तोच होता: दिलेला शब्द पाळला जाईल ना?

म्हणून मला वाटते, वाचकहो, अणुकायद्याचा वकील आपल्याकडे घडायचा असेल तर त्याने वॉशिंग्टनचे कागद जरूर वाचावेत. पण पोफरणच्या मच्छीमाराचा कागदही तितक्याच बारकाईने वाचावा. शब्दाचा अर्थ लावताना माझ्या विद्यार्थ्याचे फार तर दोन गुण जातात. तेथे माणसांची घरे पणाला लागलेली असतात.