ज्वर उतरला, बल कधी येणार?

दि. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोविडचे राज्यातील पहिले रुग्ण आढळले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ ओसरली, परंतु काही रुग्णांचा थकवा मात्र ओसरला नाही.

संसर्गानंतर साधारणतः तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे कोविडोत्तर अवस्था, अशी व्याख्या या संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. थकवा, श्वास लागणे आणि स्मृती व एकाग्रता मंदावणे ही त्यातील प्रमुख लक्षणे होत.

मोहोपाडा परिसर हा रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यातील. येथील कामगार ताप उतरताच पाळीवर रुजू होतो. अशा रुग्णांपैकी काहींना श्रम झेपल्यासारखे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. चरकसंहितेतील ज्वरचिकित्सा याविषयी स्पष्ट आहे : ज्वरमुक्ताने बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान व फार हिंडणे-फिरणे वर्ज्य करावे, अन्यथा ज्वर उलटतो. म्हणून विश्रांती हीच पहिली चिकित्सा होय, असे आम्हांस वाटते. कामावर परतण्याचा दाखला देताना काही काळ हलके काम द्यावे, असे वैद्यांनी त्यात अवश्य नमूद करावे.

तथापि प्रत्येक थकवा कोविडोत्तर नसतो. पांडुरोग, मधुमेह, थायरॉईडचे विकार आणि कारखान्यातील धूळ व वाफा यांचा विचार आधी व्हावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, अचानक धाप लागणे किंवा रक्तातील प्राणवायू घटणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारीही मोठी आहे. आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या मार्गदर्शिकेत कोविडनंतरच्या काळासाठी अश्वगंधा, च्यवनप्राश व रसायन चूर्ण यांचा समावेश होता. त्यामुळे त्यांची मागणी होतच असते. परंतु च्यवनप्राशात साखर असते, हे मधुमेही ग्राहकास सांगावे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने वैद्यांना विचारल्याविना अश्वगंधा घेऊ नये. चालू असलेला श्वासाचा पंप कोणीही परस्पर बंद करू नये. तोच ग्राहक महिनोन्महिने खोकल्याचा काढा नेत असेल, तर पुढची बाटली देण्यापूर्वी त्यास तपासणीस पाठवावे.

ज्वर गेला का, एवढेच विचारून न थांबता बल आले का, हेही प्रत्येक रुग्णास विचारावे, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.