पहाटे डिझेल इंजिन ठोके देते तेव्हा

उलवे परिसरातील भातखाचरे व मिठागरे आता बहुतांशी नाहीशी झाली आहेत. १९७० पासून नवी मुंबईसाठी जमिनी संपादित होत गेल्या. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे आदी दहा गावे हलली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. ज्या कुटुंबांचा चरितार्थ पूर्वी खाचरावर चाले, त्यांपैकी अनेकांचा आज एखाद्या पिकअपवर, डंपरवर अथवा भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालतो. बैलाचे दुखणे घरातील पोरासही समजत असे. इंजिन मात्र पहाटे खडखडू लागले की मालक गोंधळतो, आणि कोणी “इंजिन उतरवावे लागेल” असे म्हटले की निमूटपणे मान डोलावतो. उतरविण्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली भाडी मिळून वर्षाची शिल्लक संपू शकते. सबब या आवाजाचे प्राथमिक निदान मालकास स्वतः करता येणे अगत्याचे आहे.

प्रथम हा ठोका उत्पन्न कसा होतो ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि तीत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेट घेतो. फवारा पडणे व पेटणे यांत अत्यल्प काळ जातो. गरम इंजिनात तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचे थंड लोखंड हवेतील उष्णता शोषून घेते, त्यामुळे हा विलंब वाढतो. तेवढ्या वेळात अधिक डिझेल साचते व ते एकदम भडकते. दाबाच्या त्या अकस्मात धक्क्याचा जो टणत्कार होतो, त्यासच गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात. खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली. तशा पाण्याच्या इंजिनांचा ठेका ज्यांनी विहिरीवर ऐकला असेल, त्यांस पहिल्या काही ठोक्यांचा कडकपणा नवा नाही. तो थोडा असणे हा दोषही नव्हे.

परंतु येथे उलव्याच्या हवामानाचा विचार केला पाहिजे. निफाडकडे पारा कधी पाच अंशांच्या खाली उतरतो. तेथे इंजिन मिनिटभर कुरकुरले तर थंडीस दोष देता येईल. उलवे खाडीकाठी आहे. येथील पौषातील पहाटही साधारणतः पंधरा ते वीस अंशांची असते. एवढ्याशा थंडीने निरोगी इंजिन मोठ्याने व दीर्घकाळ ठोके देत नाही. म्हणून “थंडी आहे, चालायचेच” हे उत्तर येथे स्वीकारू नये. दोष अन्यत्र आहे असे धरूनच चालावे.

निदानाची पहिली अट अगदी साधी आहे आणि तीच बहुधा पाळली जात नाही. आवाज पहाटे होतो, मालक गाडी चालवीत गॅरेजमध्ये नेतो, आणि तेथे पोहोचेपर्यंत इंजिन तापून आवाज नाहीसा होतो. मग मिस्त्री केवळ अंदाज बांधतो, व अंदाजाचे पैसे मालक भरतो. गाडी आदल्या सायंकाळी गॅरेजमध्येच ठेवावी, नाही तर मिस्त्रीस पहाटे अंगणात बोलवावे. तेही न जमल्यास मोबाइलवर किल्ली फिरविल्यापासून दहा मिनिटांचा आवाज व धुराचे चित्र टिपून घ्यावे. हे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

आता आवाज किती वेळ टिकतो, याकडे घड्याळ लावून लक्ष द्यावे. पहिल्या दोन-तीन सेकंदांपुरतीच खडखड होऊन थांबत असेल, तर ऑइल वरच्या भागांत पोहोचण्यास उशीर होत आहे असे समजावे. ऑइलची पातळी पाहावी. ऑइल फिल्टरमध्ये तेल रोखून धरणारी झडप असते. हलक्या प्रतीच्या फिल्टरात ती निकामी होते व रात्रीतून तेल खाली उतरते. टायमिंग चेनचा ताण सैल झाला असल्यासही असाच आवाज येतो. आवाज कडक, धातूचा, मिनिट-दोन मिनिटे टिकणारा आणि सोबत डोळ्यांस झोंबणारा पांढरा धूर असेल, तर दोष ज्वलनाचा आहे. पोकळ, बोथट आवाज पाच-दहा मिनिटांनी विरत असेल, तर पिस्टन झिजून सैल झाला असण्याचा संभव आहे. पिस्टन तापून फुगला की फट भरते. अशी गाडी नजर ठेवून पुष्कळ दिवस चालविता येते. याउलट खोलवरचा धप्-धप् आवाज इंजिन तापल्यावर आणि भाराखाली वाढत असेल, तर बेअरिंगची शंका घ्यावी व इंजिन तत्काळ बंद करावे. उतरविण्याचा सल्ला येथे योग्य ठरतो. इतरत्र तो घाईचा असतो.

ज्वलनाच्या दोषात स्वस्त कारणे आधी तपासावीत. बॅटरी दुर्बळ असल्यास स्टार्टर इंजिन मंद फिरवितो, दाबलेली हवा फटींतून निसटते व पुरेशी तापत नाही. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विसावलेली असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरताना ती दहाच्या बरीच खाली गेली तर तिच्याकडे व तारांच्या जोडांकडे पाहावे. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत हे जोड लवकर गंजतात. त्याच हवेने अर्धी रिकामी टाकी रात्री ओलावा ओढते. डिझेल फिल्टरखालील पाणी नियमाने काढावे व टाकी शक्यतो सायंकाळीच भरावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-सहा डिझेलचा सीटेन अंक, म्हणजे सहज पेटण्याचा गुण, किमान ५१ असतो. कॅनमधून मिळणाऱ्या बिनबिलाच्या तेलास अशी हमी नसते.

हीटर प्लगविषयी एक गैरसमज आढळतो. जुन्या जीपगाड्यांत जेथे डिझेल आधी लहान कोठडीत पेटते, तेथे उलव्याच्या उबदार पहाटेही हीटर प्लग लागतो. त्यांतील एखादा जळाला तरी ठोका व धूर होतो. मल्टिमीटरने प्लगचा रोध मोजावा. चांगला प्लग एक ओमच्या आसपास किंवा कमी दाखवितो, जळालेला काहीच मार्ग दाखवीत नाही. पण ज्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडते, तेथे अठरा अंशांत प्लगवाचूनही इंजिन बहुधा सुरळीत सुरू होते. तेव्हा अशा गाडीचे चारही प्लग बदलून ठोका जात नाही, याचे नवल वाटू नये.

समजा, वाशीच्या बाजारात भाजी नेणारी कॉमन रेलची पिकअप पहाटे दोन मिनिटे ठोके देते. बॅटरी व फिल्टर ठीक आहेत. या इंजिनात मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा एक इवला फवारा सोडलेला असतो, तो ठोका सौम्य करण्यासाठीच. म्हणून येथे कडक ठोका ऐकू आल्यास इंजेक्टरकडे संशय जातो. मिस्त्रीकडून संगणक लावून, किल्ली उघडून पण इंजिन सुरू न करता, पाण्याचे तापमान वाचून घ्यावे. ते बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजे. सेन्सर सत्तर अंश सांगत असेल, तर संगणक थंड इंजिनास गरम समजून वागवितो. सेन्सर खरा असल्यास प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीस बाटली जोडून किती डिझेल परत येते ते मोजावे. एका बाटलीत इतरांहून फार अधिक जमल्यास तो इंजेक्टर झिजलेला आहे. या सर्व तपासणीत इंजिन उतरविण्याचा प्रश्नच येत नाही.

जुन्या पंपाच्या ट्रॅक्टरवर एकेका सिलिंडरची डिझेल नळी किंचित सैल करून ठोका कोणत्या सिलिंडरचा ते ओळखता येते. ही युक्ती कॉमन रेलवर कदापि करू नये. तेथील दाब हजार वातावरणांच्या वर जातो. सूक्ष्म फवारा कातडी भेदून आत शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. तसेच हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नये. तो तापलेल्या प्लगवर अवेळी भडकतो, आणि त्याने पिस्टन फुटल्यास इंजिन खरोखरच उतरवावे लागते.