कडी आतून लावली तरी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्यात लक्ष्मी रोडवर किंवा दादरला रानडे रोडवर कपड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आत ट्रायल रूमसमोर आणखी एक रांग. हातात तीन कुर्ते, खांद्याला पर्स, बाहेर ताटकळलेली आई आणि दारावर टकटक करणारी पुढची बाई. एवढ्या घाईत आत गेलेली बाई आरशात कुर्ता बघते, भिंतींकडे तिचं लक्ष नसतं. बघितलं तर काय दिसेल? कित्येक छोट्या दुकानांत ही खोली म्हणजे कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन टाकून काढलेली जागा. पार्टिशन छताला टेकत नाही, कारण ट्यूबलाइट एकच आणि तिचा उजेड शेजारच्या खोलीतही जायला हवा. दाराखाली वीतभर फट. कडी आहे, पण चौकटीतलं भोक झिजून एवढं मोठं झालंय की दार एका हाताने धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने कुर्त्याची चेन ओढायची. कुठे दारच नाही, नुसता पडदा. तो एका बाजूला नीट ओढला की दुसरी बाजू उघडी पडते.

या जागेत बाई परक्या छताखाली, परक्या माणसांपासून हातभर अंतरावर कपडे उतरवते. घराबाहेर असा विश्वास ती फार थोड्या ठिकाणी टाकते. तो दुकानदारावर टाकलेला असतो. तो सांभाळणं हे दुकानदाराचं काम आहे, आणि या लेखाचं म्हणणं तेवढंच आहे.

मराठी घरांतल्या बायकांना ही खोली तशी अलीकडचीच. साडी गादीवर बसून बघायची, फार तर पदर खांद्यावर टाकून आरशापुढे उभं राहायचं. ब्लाउज शिंप्याकडे शिवायचा. तयार पंजाबी ड्रेस, मग कुर्त्या, जीन्स आणि टॉप आले, तसा कपडा घालून बघणं भाग पडलं. त्यातून मापांचा घोळ. एकाच बाईला एका कंपनीचा ‘एम’ सैल होतो आणि दुसरीचा ‘एल’ दंडात अडकतो. त्यामुळे ‘घरी जाऊन बघते’ म्हणून भागत नाही. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या हाँगकाँग लेनमध्ये ट्रायल रूमची सोयच नसते, तिथे मुली अंगावरच्या कपड्यांवरून टॉप चढवून बघतात. दुकानात खोली मिळाली म्हणून बरं वाटावं, आणि नेमकी तिथेच धास्ती वाटावी, अशी ही परिस्थिती.

ही धास्ती देशभर चर्चेत आली ती 2015 मध्ये, गोव्यात. 3 एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, तेव्हाच्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी कांदोळीच्या एका नामांकित दुकानात खरेदीला गेल्या होत्या. ट्रायल रूमच्या दिशेने रोखलेला कॅमेरा त्यांच्या लक्षात आला. आमदार मायकल लोबो यांनी कळंगुट पोलिसांत तक्रार दिली, गुन्हा नोंदला गेला, चार कर्मचाऱ्यांना अटक होऊन पुढे जामीन मिळाला. कंपनीने आरोप फेटाळला. कॅमेरा लपवलेला नव्हता, दुकानातल्या सुरक्षा व्यवस्थेचा तो भाग होता आणि सगळ्यांना दिसेल असाच बसवला होता, असं तिचं म्हणणं होतं.

दोष कोणाचा हा न्यायालयाचा प्रश्न. पण ग्राहकाने त्या प्रकरणातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. डोळ्यांना धडधडीत दिसणारा कॅमेराही आत डोकावू शकतो. दुकानात कॅमेरा लागतो तो चोरी पकडायला, आणि कपड्यांच्या दुकानात चोऱ्या होतात हे खरंच आहे. तो छताला लावतात, कारण वरून सगळा मजला दिसतो. आता पार्टिशन छतापासून दोन फूट खाली संपत असेल, तर त्याच कॅमेऱ्याला खोलीचा आतला भागही दिसू शकतो. काळ्या घुमटातला कॅमेरा असेल तर त्याचं तोंड कुठे आहे हे खालून कळतच नाही. आणि चित्रण जातं कुठे? मॅनेजरच्या केबिनमधल्या रेकॉर्डरमध्ये, आणि बऱ्याचदा मालकाच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येही. पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे, हे बहुतेक दुकानांत कोणी विचारत नाही.

त्याच सुमारास कोल्हापुरातही एक प्रकार उघडकीला आला. एका दुकानात कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल ठेवून चित्रण केल्याच्या आरोपावरून तिथल्याच कर्मचाऱ्याला अटक झाली. तक्रार होती ती तिथेच काम करणाऱ्या तरुणीची. या बाजूकडे लोकांचं लक्ष जात नाही. ग्राहक बाई वर्षातून चार वेळा त्या खोलीत जाते. दुकानातली मुलगी घरून येते त्या कपड्यांवर काम करत नाही, तिला रोज येताना आणि जाताना गणवेश बदलावा लागतो. तिच्यासाठी वेगळी खोली क्वचितच असते. तक्रार करायची तर ती ज्याच्या हाताखाली काम करते त्याच्याविरुद्ध, आणि पगारही त्याच्याच हातून घ्यायचा. ट्रायल रूमच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना या मुलींचा विचार आधी व्हायला हवा.

लपवलेला कॅमेरा म्हटलं की बटणात, पेनात किंवा हूकमध्ये बसवलेलं काहीतरी यंत्र डोळ्यांपुढे येतं. तशी यंत्रं बाजारात मिळतात, स्वस्तही झाली आहेत. पण कोल्हापुरातलं साधन होतं साधा मोबाइल. ऑगस्ट 2024 मध्ये बेंगळुरूच्या एका कॉफी शॉपच्या स्वच्छतागृहातही तेच आढळलं. कचऱ्याच्या डब्यातल्या पिशवीला भोक पाडून, कॅमेऱ्याचं भिंग तेवढं बाहेर ठेवून फोन दडवलेला होता. एका ग्राहक बाईच्या ते लक्षात आलं, तेव्हा चित्रण सुमारे दोन तास चालू होतं. फोन फ्लाइट मोडवर होता, म्हणजे रिंग वाजायची भीती नाही. पकडला गेला तो तिथलाच कर्मचारी.

हा फ्लाइट मोड लक्षात ठेवावा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक सल्ला त्याने निकालात निघतो. ट्रायल रूममध्ये फोन लागत नसेल तर तिथे छुपा कॅमेरा आहे आणि लागत असेल तर नाही, असं तो सल्ला सांगतो. तो साफ चुकीचा आहे. मेमरी कार्डवर चित्रण साठवणारा कॅमेरा कुठलाही सिग्नल अडवत नाही. मॉलच्या तळमजल्यावर फोन लागत नाही तो जाड काँक्रीटमुळे. या सल्ल्यावर विसंबून निर्धास्त झालेली बाई जास्त धोक्यात असते.

नखाच्या चाचणीचंही असंच. आरशावर नखाचं टोक टेकवायचं, प्रतिबिंबातलं नख आणि खरं नख यांत फट दिसली तर आरसा साधा, फट नसेल तर पलीकडून दिसणारा, असं सांगतात. साध्या आरशात चकाकणारा थर काचेच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून फट दिसते, इथपर्यंत बरोबर. पण पलीकडून दिसणाऱ्या आरशात तो थर पुढेच असेल असा नेम नाही. त्यापेक्षा त्या आरशाचं शास्त्र समजून घ्यावं. अलीकडे भरपूर उजेड आणि पलीकडे अंधार असेल तरच तो फसवतो. म्हणून कपाळ आरशाला टेकवून दोन्ही हातांचा आडोसा करावा आणि आत बघावं, किंवा मोबाइलचा टॉर्च काचेला चिकटवून धरावा. मागे पोकळी असेल तर काहीतरी नजरेला पडतं. खिळ्याला टांगलेला आरसा जरा सरकवून बघता येतो. भिंतीत बसवलेल्या आरशावर बोटाने वाजवून बघावं.

टॉर्च आणखीही कामाचा आहे. भिंग कितीही बारीक असलं तरी त्याच्यावर उजेड पडला की ते चमकतं. हूक, स्क्रूची भोकं, स्विचबोर्ड, स्मोक डिटेक्टर, फॉल्स सीलिंगमधली फट, कोपऱ्यातला खोका किंवा कचऱ्याचा डबा, यांवरून टॉर्च सावकाश फिरवला की अर्ध्या मिनिटात काम होतं. आणि सगळ्यात आधी मान वर करून बघावं. शेजारच्या खोलीतून पार्टिशनवरून आलेला हात आणि दाराखालून सरकवलेला फोन यांना कुठलंच तंत्रज्ञान लागत नाही.

पण एवढी तपासणी बाईनेच का करायची? कुर्ता घ्यायला आलेल्या बाईला पोलिसासारखी खोली धुंडाळावी लागत असेल, तर दुकानाने आपलं काम तिच्या गळ्यात घातलेलं आहे. पार्टिशन छतापर्यंत नेणं, कडी दुरुस्त करणं, दाराखालची फट कमी करणं, सुतार बोलावला तर एका दिवसाचं काम. चोरीच्या भीतीचं उत्तरही जुनंच आहे. आत किती कपडे नेले ते मोजून टोकन द्यायचं आणि बाहेर येताना पुन्हा मोजायचे. ते मोजायला बाई असावी. कॅमेरा ट्रायल रूमकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी असावा, दारांकडे वळलेला नसावा. रोज सकाळी शटर उघडल्यावर एका जबाबदार बाईने प्रत्येक खोली बघून वहीत सही करावी.

उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगाने 2024 च्या अखेरीस वेगळाच मार्ग सुचवला. पुरुष शिंप्यांनी बायकांची मापं घेऊ नयेत, आणि मापं घेतात तिथे सीसीटीव्ही असावा, असा तो प्रस्ताव होता. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. हेतू चांगला असेलही, पण जिथे बाईला कॅमेऱ्याचीच धास्ती आहे तिथे आणखी एक कॅमेरा लावल्याने तिला धीर येणार नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या इमानाने शिवणकाम करणाऱ्या शिंप्यांना संशयाच्या पिंजऱ्यात उभं करणं हा अन्याय आहे.

कायदा बाईच्या बाजूने आहे, आणि तो माहीत असायला हवा. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती नेमली गेली आणि 2013 च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम 354 सी आलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्याची जागा कलम 77 ने घेतली. खासगीपणाची अपेक्षा असलेल्या ठिकाणी बाई कपडे उतरवलेल्या अवस्थेत किंवा फक्त अंतर्वस्त्रांत असताना तिला चोरून बघणं, तिचं चित्रण करणं आणि ते पसरवणं, तिन्ही गुन्हे आहेत. म्हणजे चित्रण सापडलं नाही, नुसतं डोकावणं सिद्ध झालं, तरी गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 1 ते 3 वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केल्यास 3 ते 7 वर्षं. जुन्या कलमात आरोपी पुरुषच असू शकत होता. नव्या कलमात ती अट नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्रण करणारी बाईही सुटत नाही. जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ई आहे, त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू होतो. उणीव एवढीच की कलम 77 चा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, आणि ही कलमं गुन्हा घडल्यावरच कामाला येतात. पार्टिशन किती उंच असावं हे त्यांत कुठे लिहिलेलं नाही.

संशयास्पद काही सापडलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय केलं जातं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. बाईने आधी कपडे घालावेत, आपल्या मोबाइलवर त्या वस्तूचे जागेवरच फोटो काढावेत, वस्तूला हात लावू नये आणि खोलीचं दार सोडू नये. सोबत कोणी असेल तर हाक मारावी. यानंतर हमखास मॅनेजर येतो. ‘ताई, गैरसमज झालाय, तुमच्यासमोरच डिलीट करतो’ असं म्हणतो. तिथेच ठामपणे नाही म्हणावं. डिलीट केलेली क्लिप म्हणजे नाहीसा केलेला पुरावा, आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय तीच क्लिप आधी कोणाला पाठवली गेली असेल, हे फोन आणि रेकॉर्डर पोलिसांच्या हाती लागले तरच कळतं.

दुकान परगावातलं असलं तरी तक्रार जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, तिथे झीरो एफआयआर नोंदवून घ्यावा लागतो. या गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची, असं कायदा सांगतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते. चित्रण इंटरनेटवर गेल्याचं कळलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. अशा चित्रणाची तक्रार आली की ते हटवायला 2021 च्या नियमांनी समाजमाध्यमांना 24 तासांची मुदत घालून दिली.

घरच्यांनी अशा वेळी ‘कशाला बोभाटा’ म्हणू नये. चित्रण करणाऱ्याचा सगळा भरवसा याच एका वाक्यावर असतो. आणि दुकानात गेल्यावर कडी तुटकी दिसली, पार्टिशन अर्धवट दिसलं, तर कपडे परत ठेवावेत आणि मालकाला कारण स्पष्ट सांगून बाहेर पडावं. चार बायका असं सांगून गेल्या तर पाचवी यायच्या आत सुतार येतो. संकटात पोलिसांसाठी 112, महिला हेल्पलाइन 181 आणि सायबर तक्रारीसाठी 1930 हे नंबर मुलींच्या फोनमध्ये आजच भरून ठेवा.