रेघ कुठे ओढायची?

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, की अनेक स्त्रियांना किरणोपचार घ्यावे लागतात. अशा वेळी नातेवाईक मला पहिला प्रश्न विचारतात, 'डॉक्टर, मशीन कुठलं आहे?' किरण नेमके कुठे द्यायचे हे कोण ठरवतं, असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. ते मशीन ठरवत नाही, डॉक्टर ठरवतात.

उपचारांआधी रुग्णाचा सीटी स्कॅन काढतात. पावाचे काप करावेत, तशी छातीची एकामागोमाग एक आडवी चित्रं मिळतात. प्रत्येक चित्रावर डॉक्टर संगणकाच्या साहाय्याने रेघ ओढतात : हा स्तन, या काखेतल्या लसिकाग्रंथी, हे हृदय, हे फुप्फुस. पुढचं सारं गणित या रेघांवर उभं असतं.

अडचण अशी, की स्तनाला हाडासारखी ठळक कड नसते. स्तनातली चरबी कुठे संपते आणि शेजारची कुठे सुरू होते, हे चित्रात स्पष्ट दिसत नाही. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या विषयातल्या नऊ जाणकार डॉक्टरांनी त्याच तीन रुग्णांच्या स्कॅनवर स्वतंत्रपणे रेघा काढल्या. काही भागांबाबत त्या एकमेकींशी जेमतेम १० टक्केच जुळल्या!

याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते. रेघ फार आत राहिली, तर रोगाच्या पेशी सुटण्याची भीती. फार बाहेर गेली, तर निरोगी अवयवांना किरण लागतात. डाव्या बाजूला तर हृदयच जवळ असतं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या स्त्रियांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, हृदयाला पोचलेल्या सरासरी मात्रेच्या दर एका ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका मूळ धोक्याच्या ७.४ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

यावर उपाय म्हणजे सर्वांनी मान्य केलेले लेखी नियम. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१५ साली असे नियम प्रसिद्ध केले. त्यांतली युक्ती साधी आहे. लसिकावाहिन्या मोठ्या शिरांच्या सोबतीने जातात. बारीक ग्रंथी चित्रात सहज सापडत नाहीत, शिरा सापडतात. म्हणून शिरेचा माग धरून रेघ ओढायची. शल्यविशारदाने गाठ काढलेल्या जागी धातूच्या बारीक क्लिपा ठेवल्या असतील, तर तीही जागा नेमकी कळते.

नियमांमुळे डॉक्टरांच्या अनुभवाला किंमत उरत नाही, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. एखाद्या रुग्णासाठी नियम सोडावा लागला, तर का सोडला हे लिहून ठेवता येतं. नियमच नसेल, तर चूक कोणती आणि गरज कोणती, हे कसं ओळखायचं?

तेव्हा किरणोपचारांना जाताना शस्त्रक्रियेची आणि तपासणीची सगळी कागदपत्रं सोबत न्या. 'माझा प्लॅन दुसऱ्या डॉक्टरांनीही पाहिला आहे का?' असं निःसंकोच विचारा. त्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. पण या प्रश्नाच्या भीतीने उपचार मात्र टाळू नका. रोग उलटण्याचा धोका ते निश्चित कमी करतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)