पीएसएचा आकडा काय सांगतो?

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये आता पीएसए ही रक्ततपासणी सर्रास असते. रिपोर्टात तिच्यापुढे ५ किंवा ६ आकडा ठळक छापून आला, की घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम, आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं. कॅन्सरमुळे ते वाढतं. पण वयाबरोबर ग्रंथी नुसती मोठी झाली, जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तरीही वाढतं. उलट, ग्रंथी आकसण्यासाठी फिनास्टेराइड चालू असेल तर काही महिन्यांत आकडा निम्म्यावर येतो. म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवायलाच हवी. मिलिलीटरला ४ नॅनोग्रॅम ही प्रचलित मर्यादा. ४ ते १० च्या दरम्यान आकडा असलेल्या साधारण चौघांपैकी एकाच्याच बायोप्सीत कॅन्सर सापडतो. चाराखाली तो नसतोच, असंही नाही.

मग सरसकट सगळ्या पुरुषांची तपासणी का करू नये? तपासणीने जीव वाचतात, हे तर आपल्याच भागात सिद्ध झालंय. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पीएसएचं गणित मात्र इतकं सरळ नाही. त्याच वर्षी युरोपातल्या मोठ्या अभ्यासाने त्याचा हिशेब मांडला. प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, पण एक मृत्यू टाळण्यासाठी ४८ जास्तीच्या पुरुषांवर उपचार करावे लागले. यातले बरेच कॅन्सर इतके संथ, की त्यांनी जन्मभर त्रास दिला नसता. उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. म्हणून मला वाटतं, डॉक्टरांशी बोलणं रक्त देण्याआधी व्हावं, रिपोर्ट हातात आल्यावर नव्हे. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाचा २०१८ चा सल्लाही तसाच आहे: ५५ ते ६९ वयात चर्चा करून ठरवा, सत्तरीनंतर चाळणी म्हणून ही तपासणी नको. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर हा विषय लवकर काढावा.

आकडा वाढलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं. तरीही वाढलेलाच राहिला तर एमआरआय, आणि मग गरजेप्रमाणे बायोप्सी. पण ज्यांच्या लघवीतून रक्त जात असेल किंवा कंबर सतत ठणकत असेल, त्यांनी ही चर्चा करत बसू नये. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये किंवा बार्शीला जाऊन लगेच दाखवावं.