मच्छीमारांनी मोजलेले समुद्रतळाचे तापमान

भूगोलात सागरप्रवाहांचा पाठ आला म्हणजे “समुद्राचे पाणी खाली किती ऊन असते, आणि ते मोजते कोण?” असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही, म्हणून शिक्षकबंधुभगिनींच्या माहितीसाठी येथे देत आहे.

आरंभ एका जुन्या हकीकतीने करणे सोयीचे होईल. १७६९ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन हे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या टपालखात्याचे प्रमुख अधिकारी होते. इंग्लंडहून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या टपालाच्या जहाजांना व्यापारी जहाजांपेक्षा सुमारे पंधरवडा अधिक लागतो, अशी तक्रार त्यांच्या कानी आली. नँटुकेट बेटावरील त्यांचे एक नातलग कप्तान टिमथी फॉल्जर यांनी त्याचे कारण सांगितले. देवमासे गल्फ प्रवाहाच्या कडेने आढळतात, आत आढळत नाहीत. त्यामुळे देवमाशांच्या शिकाऱ्यांना त्या प्रवाहाच्या सीमा तोंडपाठ होत्या. टपालाची जहाजे प्रवाहाच्या उलट दिशेने रेटली जात. प्रवाह ओलांडून बाजूला व्हा, असे शिकाऱ्यांनी त्या कप्तानांना सांगूनही पाहिले होते. पण साध्या मच्छीमारांकडून शिकण्याची त्यांची तयारी नव्हती. फ्रँकलिन यांची मात्र होती. त्यांनी फॉल्जर यांच्याकडून प्रवाहाचा नकाशा काढून घेऊन छापविला, आणि १७७५ च्या समुद्रप्रवासात तापमापक पाण्यात सोडून प्रवाहाचे पाणी आसपासच्या पाण्याहून उष्ण आहे, हे स्वतः पडताळून पाहिले.

आज आकाशात उपग्रह आहेत, मग मच्छीमारांची गरज काय, असे कोणी म्हणेल. उपग्रहाला दिसते ती केवळ पाण्याची वरची त्वचा. खोल महासागरात सुमारे दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येणारी स्वयंचलित तरंगती यंत्रे सोडलेली आहेत. पण किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रासाठी ती योजलेली नाहीत. आणि माणसाची बहुतेक मासेमारी चालते ती तेथेच. केवळ मोजमापासाठी तेथे वारंवार जहाज पाठविणे हे फार खर्चाचे काम आहे.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत मेनचे आखात आहे. तेथील मच्छीमार शेवंडी पकडण्यासाठी तारेचे सापळे समुद्राच्या तळाशी ठेवतात व काही दिवसांनी ओढून घेतात. सापळा तळाशी बसलेलाच असतो. त्यालाच तापमापक बांधला तर काय हरकत, हा साधा विचार करून वुड्स होल येथील सरकारी मत्स्यविज्ञान केंद्राने मच्छीमारांच्या संघटनांच्या साहाय्याने २००१ साली ‘ईमोल्ट’ ही योजना सुरू केली. मुठीत मावेल एवढे हे उपकरण ठराविक अंतराने आपोआप तापमान टिपून स्मरणात ठेवते. प्रारंभी हंगाम संपल्यावर उपकरण शास्त्रज्ञांकडे परत जाई, तेव्हा कोठे आकडे हाती येत. पुढे अशी उपकरणे निघाली की, जाळे किंवा सापळा नावेवर येताच ती आपले आकडे नावेतील पेटीकडे बिनतारी पाठवितात, आणि तेथून ते उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोचतात. समुद्राच्या स्थितीचे गणित मांडणारे शास्त्रज्ञ आपला अंदाज या प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहतात.

मच्छीमाराने ही उठाठेव का करावी? शेवंड हा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याचे हिंडणे, खाणे, कात टाकणे हे सर्व पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते, आणि सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर तो त्रस्त होतो. २०१२ साली या आखाताचे पाणी असाधारण तापले. शेवंडींनी नेहमीपेक्षा काही आठवडे आधीच कात टाकली. खरेदीदारांची तयारी नसताना बाजारात माल लोटला आणि भाव कोसळले. सापळे भरलेले आणि हाती पैसा नाही, अशी स्थिती झाली. २०१९ च्या उन्हाळ्याअखेरीस केप कॉड उपसागराच्या दक्षिण भागात सापळ्यांतून मेलेल्या शेवंडी वर आल्या. वरचे ऊन पाणी व खालचे थंड पाणी यांची सरमिसळ न झाल्याने तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपत आला होता. ही गोष्ट प्रथम दिसली ती मच्छीमारांना. पुढे प्राणवायू मोजणारी उपकरणेही तेथील सापळ्यांवर चढली.

प्रत्येकजण आपली मासेमारीची जागा जपतो. म्हणून ती उघड होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते, आणि ज्याच्या सापळ्याचे आकडे त्याला त्यांचा आलेख परत द्यावा लागतो. माझ्या मते या व्यवहाराची खरी किल्ली येथे आहे. एका शाळेच्या भेटीत मी तापमानाची नोंदवही पाहिली होती. महिनाभराचे आकडे एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले! त्या शिक्षकांना दोष देण्यापूर्वी मी स्वतःला विचारले, या वहीतील आकड्यांचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी कधी कळविले होते का?

वरचे व तळाचे पाणी वेगळे असते, हे वर्गाला गावच्या खोल विहिरीवर दाखविता येईल. जाड काचेच्या बाटलीच्या बुडाशी दगड बांधावा. बूच फार घट्ट बसवू नये; त्याला एक दोरी व बाटलीच्या गळ्याला दुसरी दोरी बांधावी. गळ्याच्या दोरीला हातहात अंतरावर गाठी असाव्यात, म्हणजे खोली मोजता येते. बाटली तळाशी गेली की बुचाची दोरी हिसकावी, बुडबुडे थांबल्यावर बाटली झटकन वर घ्यावी आणि लगेच तापमापक आत घालावा. तापमापक प्रयोगशाळेतला हवा, तापकऱ्याला लावण्याचा नव्हे. नंतर वरच्या पाण्याचे तापमान त्याच तापमापकाने घ्यावे. उन्हाळ्यातील दुपार याला चांगली. फरक अपेक्षेपेक्षा कमी आला तरी जो आकडा दिसेल तोच वहीत लिहावा. दोरी शिक्षकांनी स्वतः सोडावी. मुलांना काठापासून दूर बसवून आकडे मोठ्याने वाचण्याचे काम आळीपाळीने द्यावे.