देवदारांच्या छायेतील झुडपे

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरील सिमल्यात, जेथे देवदारांच्या दाट छायेमुळे अंगणाला सूर्यदर्शन क्वचितच घडते आणि हिवाळ्यात हिमवृष्टी होते, तेथे झुडपे निवडताना पुष्पशोभेपेक्षा सहनशीलतेचा विचार अव्वल ठरतो. पश्चिम हिमालयाच्या अरण्यात वृक्षातळी स्वभावतःच वाढणारी, सुगंधी पानांची स्किमिया लॉरिओला, जिची पाने तेथील लोक धूपासाठी वापरतात, आणि अरुंद पानांची सार्कोकोका सालिग्ना, ही दोन्ही सदाहरित झुडपे बहुधा मीटरभरच वाढत असल्याने अशा अंगणास विशेष अनुरूप होत. जमीन गोठून मुळांना पाणी मिळेनासे झाले असता प्रखर उन्हाने पाने करपण्याचे भय सावलीत कमी असते. तथापि देवदारांची मुळे ओल शोषून घेत असल्याने पालापाचोळ्याच्या खताची व उन्हाळ्यात पाण्याची तजवीज अवश्य करावी.